वारा कुठून येतो, त्यावर सूर्याचा हिशेब

1883च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातला क्रॅकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ फार उंच गेली आणि विषुववृत्ताला धरून पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरा घालून आली. म्हणजे तिथे उंचावर पूर्वेचे वारे असणार, असं शास्त्रज्ञांनी धरलं. पुढे 1908 मध्ये जर्मन हवामानतज्ज्ञ आर्थर बेर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरापाशी फुगे सोडले, तर वर पश्चिमेचे वारे सापडले! दोन्ही निरीक्षणं खरी होती. त्यांचा मेळ मात्र पन्नास वर्षं बसला नाही.

1960च्या सुमारास तो बसला. पॅसिफिकमधल्या कँटन बेटासारख्या ठिकाणांहून तोवर फुग्यांच्या नियमित नोंदी जमू लागल्या होत्या. अमेरिकेत रिचर्ड रीड आणि ब्रिटनमध्ये आर. ए. एब्डन यांना त्या नोंदींत स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली: इथला वारा ठरावीक काळाने उलटा फिरतो. वर्षाहून थोडा अधिक काळ पूर्वेचा, मग जवळपास तितकाच काळ पश्चिमेचा. पूर्ण फेऱ्याला सरासरी 28 महिने लागतात. नवी दिशा आधी वर उमटते आणि महिन्याला साधारण 1 किलोमीटर या संथ गतीने खाली उतरते. या दोलनाला शास्त्रज्ञ ‘क्यूबीओ’ (क्वासी-बायेनियल ऑसिलेशन, म्हणजे साधारण द्वैवार्षिक दोलन) म्हणतात.

ऋतू बारा महिन्यांचे, मग हे 28 महिने आले कुठून? रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी 1968 मध्ये उत्तर दिलं, की उष्ण कटिबंधातल्या ढगांच्या उलथापालथीतून लाटा वर चढतात आणि या वाऱ्यांच्या उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, विरताना आपला जोर वाऱ्याला देतात. 1978 मध्ये प्लंब आणि मॅकइवन यांनी ते प्रयोगशाळेत करून दाखवलं. कड्याच्या आकाराची टाकी, त्यात खारं पाणी, तळाशी वरखाली हलणारा रबरी पडदा. पडदा नुसता वरखाली होत होता, तरी पाणी आधी एका बाजूला वाहू लागलं, मग थांबलं आणि उलट्या बाजूला वाहू लागलं. बाहेरून कुणीही त्याला दिशा दिली नव्हती. हवामानशास्त्रात इतका देखणा पुरावा क्वचितच मिळतो.

आता सूर्याकडे वळू. सौरडाग सुमारे 11 वर्षांनी वाढतात आणि ओसरतात. त्यांचा पावसाशी संबंध लावण्याचा मोह जुनाच आहे. 1876-78च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना नॉर्मन लॉकयर आणि विल्यम हंटर यांनी दुष्काळ आणि सौरडाग यांची सांगड घालणारा लेख लिहिला. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आकडेमोड करून पाहिली, तर नातं फारच कच्चं निघालं. त्यात नवल नाही, कारण सौरचक्रात सूर्याच्या एकूण ऊर्जेत पडणारा फरक जेमतेम 0.1 टक्का असतो. अतिनील किरण मात्र काही टक्क्यांनी बदलतात, आणि ते शोषून घेणारा ओझोन स्थितांबरात असतो. त्यामुळे सूर्याची खूण शोधायची तर तिथे.

बर्लिनच्या कारिन लाबिट्झके यांनी तिथेच शोधली. उत्तर ध्रुवावर सुमारे 23 किलोमीटर उंचीवरचं हिवाळी तापमान एकीकडे आणि सूर्याची सक्रियता दुसरीकडे मांडली, तर आलेखावर ठिपके विखुरलेले. काहीच अर्थ लागेना. मग त्यांनी हिवाळ्यांचे दोन गट केले: विषुववृत्तावर क्यूबीओ पश्चिमेचा होता ते, आणि पूर्वेचा होता ते. पश्चिमेच्या गटात सूर्य जितका सक्रिय, तितका ध्रुव उबदार दिसला. पूर्वेच्या गटात कल उलटा. एकत्र मोजताना दोन्ही कल एकमेकांना खोडून टाकत होते. 1987 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि बरीच खळबळ उडाली.

शंकाही लगेच आल्या, आणि त्या रास्त होत्या. हाताशी जेमतेम तीसेक हिवाळे. वर्षातून एकदाच नोंद घेतली, तर 28 महिन्यांच्या आवर्तनातून दशकभराचं भासमान चक्रही उभं राहू शकतं. त्यात 1982चा एल चिचोन आणि पुढे 1991चा पिनाटुबो हे दोन्ही मोठे उद्रेक सौर कमाल नुकती गाठली गेली असतानाच झाले. त्यांच्या गंधकी कणांनी स्थितांबर तापवलं. ती ऊब कुणाच्या खात्यात टाकायची? म्हणून आता सूर्य, क्यूबीओ, ज्वालामुखी, एल निनो आणि दीर्घकालीन कल यांचे वाटे एकाच समीकरणात एकदम काढतात. क्यूबीओसाठी दोन वेगळ्या उंचींवरच्या नोंदी घ्याव्या लागतात, कारण वर पूर्वेचा आणि खाली पश्चिमेचा वारा एकाच वेळी असू शकतो.

हे कोडं आपल्या मान्सूनपासूनही दूर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी 1980च्या दशकातच क्यूबीओची दिशा आणि मान्सूनचा पाऊस यांचं नातं तपासलं होतं.

पण सूर्य आणि क्यूबीओ यांच्या नात्याचा ठाम निकाल लावायला हाताशी पुरेशा नोंदी नाहीत. वाऱ्याच्या सलग नोंदी 1953 पासूनच्या. तेव्हापासून सूर्याने सातच कमाल गाठल्या, अलीकडची 2024 मध्ये. शिवाय 2016च्या फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्यात मध्येच पूर्वेचा वारा घुसला आणि क्यूबीओची घडी पहिल्यांदाच विस्कटली. 2019-20 मध्ये तसंच पुन्हा झालं. हे दोन हिवाळे लाबिट्झके यांच्या कोणत्या गटात बसवायचे, हे ठरवणंच अवघड होऊन बसलं आहे.