अज्ञान वय

सातबाऱ्यावर काही नावांपुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. जमिनीचा वारस अठराच्या आतला आहे आणि त्याच्या वतीने आई किंवा चुलता व्यवहार पाहतो, एवढेच त्यातून सांगायचे असते. कायद्याच्या मराठीत अल्पवयीन तो ‘अज्ञान’ आणि अठरा पूर्ण झालेला तो ‘सज्ञान’. पीककर्जाचे कागद तपासण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे हा शब्द चांगल्या ओळखीचा आहे. जमिनीपुरता तो ठीकच आहे. पण मुलामुलींच्या शरीराबाबत आपण तो घरोघरी शब्दशः अमलात आणतो. अठराच्या आत आहेत ना, मग राहू द्या अज्ञान. पुढे लग्नाच्या दिवशी ती आपोआप सज्ञान होतील, अशी आपली समजूत!

आजचा विषय गर्भनिरोधनाचा आहे, आणि तोही तेरा ते एकोणीस या वयातल्या मुलामुलींच्या संदर्भात. हे वाक्य वाचून काही घरांत ही पुरवणी घडी घालून उशीखाली सरकवली जाईल. ‘आमच्या घरात हा प्रश्नच नाही,’ असेही कोणी म्हणेल. आपल्या घरापुरते ते खरे असेलही. पण राज्यापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे पाचांतल्या एकीहून अधिक. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के त्या वेळी आई तरी झाल्या होत्या किंवा गरोदर तरी होत्या. आपल्याकडे या प्रश्नाचा मोठा भाग कॉलेजच्या कट्ट्यावर नाही, मांडवात आहे.

मराठवाड्यातल्या एका शाखेत असताना मी हे काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचे पैसे खात्यात जमा होत, आणि ते काढायला बायका येत. एकदा एक मुलगी आली. मुलगीच म्हणायची. एक लेकरू कडेवर, एक पदराला. फॉर्मवरच्या जन्मतारखेप्रमाणे वय बावीस. आमच्या कॅशिअर बाईंनी न राहवून विचारले, “इतक्या लवकर ऑपरेशन केलंस गं?” ती म्हणाली, “लवकर कशाचं, बाई? सोळाव्यात लग्न झालं, सतराव्यात हा झाला. आता सुटले.” “मधे तांबी नाही का बसवायची?” यावर ती हसली. “ते लेकरू झाल्यावर सांगतेत. आधी कोण सांगतंय?”

त्या दोन वाक्यांत आपल्या कुटुंबनियोजनाची सगळी कहाणी आहे. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. साल १९५२. पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर पोचला, ‘हम दो हमारे दो’ पाठ झाले. पण सारा भर राहिला तो थांबवण्यावर. मुले झाली, आता बस्स, घ्या टाके. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहितांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. ‘पाळणा लांबवा’ ही सुरेख मराठी घोषणाही आपल्याकडे होती. पण पाळणा लांबवायचा तो दुसऱ्या मुलाचा, असेच सगळ्यांनी धरून ठेवले. पहिला पाळणाच लांबवता येतो हे त्या सोळा वर्षांच्या सुनेला ना सासूने सांगितले, ना कोणी घरी येऊन. आरोग्य खात्याच्या नोंदवहीत जननक्षम जोडपी असतात. कमी वयाचे लग्न लपवायचे असते, म्हणून ही सून अनेकदा त्या नोंदीतून दडवली जाते, आणि तिचे नाव पहिल्यांदा लागते ते गरोदरपणाच्या यादीत.

अशी लग्ने का होतात, हेही पाहिले पाहिजे. ऊसतोडीत मजूर मोजतात ते ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. आईबाप सहा महिने फडावर जाणार, तर वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्यापेक्षा लग्न लावून दिलेले बरे, असा हिशेब होतो. तो चुकीचा आहे, बेकायदा आहे, पण तो लाडाने केलेला नाही. धास्तीने केलेला आहे. आणि त्याची किंमत पोरीचे शरीर मोजते. अंगात रक्त कमी, बाळंतपणात झटक्यांचा धोका, कमी वजनाचे मूल. वयाच्या विशीनंतर ज्या जोखमी बऱ्याच कमी होतात, त्या ती सतराव्या वर्षी घेते. म्हणजे बालविवाह थांबवणे हे पहिले काम. पण तो थांबेपर्यंत ज्यांची लग्ने झाली, त्यांना उघड्यावर सोडून चालणार नाही.

मग या वयाला उपाय कोणते? ही यादी गुप्त नाही. सरकारी दवाखान्यात यातली बहुतेक साधने विनामूल्य मिळतात. निरोध हा सर्वांत सोपा, आणि लैंगिक आजारांपासून काही रक्षण करणारा एकटाच. म्हणून दुसरे कोणते साधन वापरले तरी तो हवाच. ‘माला-एन’ ही रोज घ्यायची गोळी. अठ्ठावीस गोळ्यांच्या पाकिटात सात लोहाच्या असतात. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन, २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, पाळीही अनियमित होते, हे आधी सांगायला हवे. तांबीचे दोन प्रकार आहेत, पाच वर्षांचा आणि दहा वर्षांचा, आणि हवी तेव्हा ती काढता येते. ‘मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत’ हा समज खरा नाही. केवळ वय लहान म्हणून यांतले कोणतेही साधन नाकारावे असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. कोणाला कोणते मानवेल ते डॉक्टरने तपासून ठरवायचे. एकच गोष्ट या वयासाठी नाही, ती नसबंदी.

शहरातल्या मुलामुलींना यातले फार तर एकच नाव ठाऊक असते, बहात्तर तासांच्या गोळीचे. ती चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते. संबंधानंतर जितक्या लवकर घ्यावी तितकी ती अधिक उपयोगी, पण ती आणीबाणीची आहे, नेहमीची नाही. आणि ती गर्भपाताची गोळी नव्हे. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. या दोन गोळ्यांची गल्लत करून, कोणाच्या तरी सांगण्यावरून गर्भपाताची औषधे परस्पर घेणे जिवावर बेतू शकते.

इथे कायद्याची एक अवघड गाठ आहे. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा तिची संमती असली तरी गुन्हा आहे, आणि तो कळला की पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलांच्या रक्षणासाठी हा कायदा हवाच. पण त्याच्या धाकाने सतरा वर्षांची गरोदर पोर दवाखान्याऐवजी एखाद्या भोंदूकडे नेली जाते, हेही घडते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव किंवा ओळख कळवण्याची गरज नाही. अविवाहितेलाही कायद्याचे तेच संरक्षण आहे, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. किती पालकांना हे ठाऊक आहे? २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे आहेत. आपल्याकडे त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. तिथे जायला लग्न झालेले असावे लागत नाही. तरी दारापर्यंत जाणारी पावले थोडीच.

‘सांगितले तर मुले बिघडतील,’ ही खरी भीती. मला इथे बँकेचेच उदाहरण आठवते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खाते चालवायची मुभा दिली. तेव्हाही काहींनी नाके मुरडली होती. पण मुभा देताना बँकांनी मर्यादा घातल्या, नियम समजावून सांगितले. पैशाची माहिती दिली म्हणून मूल उधळे होत नाही. माहिती न देता हातात पैसा पडला तर होते. शरीराचा व्यवहार तर पैशाहून नाजूक. त्याबद्दल आपण एकदाही बसून बोलत नाही, आणि मोबाइल मात्र चौदाव्या वर्षी हातात देतो. महाराष्ट्रात २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. तेव्हा जी मुले आठवी-नववीत होती, ती आज स्वतः आईबाप आहेत.

हा वाद नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. याच मतांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवत, पदरमोड करून, खटले अंगावर घेऊन. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक आपल्या खासगी अडचणी त्या मासिकाला लिहून विचारत, आणि कर्वे न लाजता, न ओरडता उत्तरे छापत. १९५३ मध्ये ते गेले आणि मासिकही थांबले.

मुलांना सांगायचे ते फार नाही. मुलीला सांगावे की कोणालाही, अगदी नवऱ्यालाही, ‘नको’ म्हणायचा अधिकार तिला आहे, लग्न अठराच्या आत करायचे नाही, आणि लग्नानंतरही पहिले मूल कधी हे तिने ठरवायचे आहे. मुलाला सांगावे की समोरचीचा ‘नको’ म्हणजे नकोच, आणि निरोध वापरणे ही त्याची जबाबदारी आहे, बायकोची नाही. दोघांनाही सांगावे की काही चुकले, काही घडले, तर आधी घरी यायचे; रागावणे नंतर, दवाखाना आधी. एवढे बोलायला एक दुपार पुरते.