मराकेशचे चुलाण

मोरोक्कोतील मराकेश शहरात गेलेला प्रवासी संध्याकाळी जमा-अल-फना या चौकात जातोच. उन्हे कलली की या मैदानात हातगाड्यांवरून बाके, लोखंडी सांगाडे, पातेली आणि दिव्यांच्या माळा येऊ लागतात आणि बघता बघता खाद्यपदार्थांची एक नगरी उभी राहते. प्रत्येक स्टॉलला क्रमांक आणि प्रत्येक स्टॉलसमोर गिऱ्हाईक ओढणारा एक तरुण. आपला चेहरा पाहून तो हिंदी सिनेमातील नटांची नावे घेऊ लागतो. तिकडे हिंदी सिनेमाचे वेड जुने आहे. रात्री उशिरा हे सगळे उचलले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडले जाते.

आमच्या गाइडने मात्र सुरुवातीलाच बजावले, की चौकात आपण सर्वांत शेवटी जाणार. आधी गल्ल्या. तिकडे हल्ली ‘खाद्यफेरी’चा प्रकार चांगलाच रुजला आहे. आठ-दहा जणांचा गट, एक स्थानिक माणूस, तीन-साडेतीन तासांची पायपीट आणि वाटेत थांबत थांबत चाखायचे घास. जास्त पैसे मोजून रस्त्यावरचे खायचे, असे कोणी म्हणेल. पण या फेरीत खरे मोल खाण्याचे नाही, विस्तव कुठे आहे हे दाखवण्याचे आहे.

जुन्या मराकेशात, ज्याला तिथे मदिना म्हणतात, प्रत्येक मोहल्ल्याला पाच गोष्टी हव्यातच असा रिवाज. मशीद, पाण्याचा हौद, मुलांना कुराण शिकवणारी शाळा, हमाम आणि फरान. यांतील शेवटच्या दोन आगीवर चालतात. फरान म्हणजे मोहल्ल्याची सामायिक भट्टी. गृहिणी घरी कणीक मळते, तिचे जाडसर गोल पाव थापते, फळीवर मांडून वर कापड झाकते आणि घरातल्या पोराला पिटाळते, ‘जा, फरानला देऊन ये.’ भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते आत सारतो. पंचवीस घरांचे पन्नास-साठ पाव एका वेळी आत. तरी कोणाचा कोणता हे त्याला बरोबर ठाऊक. काही घरे पावावर बोटाने किंवा काटक्याने खूण करतात, काहींची थापण्याची तऱ्हाच वेगळी. हे ऐकताना मला आपल्याकडच्या गिरणीतले डबे आठवले. झाकणावर नाव नसले तरी गिरणीवाला डबा ओळखतोच की!

त्या भट्टीसमोर उभे असताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमचा गाइड भट्टीवाल्याशी एका भाषेत बोलत होता आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी दुसऱ्याच. विचारले तेव्हा कळले, की पहिली मोरोक्कोची बोली अरबी, म्हणजे दारिजा, आणि दुसरी तशेल्हित. ही दक्षिणेकडील सूस प्रांतातली अमाझिग भाषा. त्या भागातून आलेल्या कुटुंबांची छोटी दुकाने मोरोक्कोच्या शहरांत सर्वत्र दिसतात. आमच्याशी तो इंग्रजीत आणि गटातल्या एका जोडप्याशी फ्रेंचमध्ये बोलत होता. दारिजात पाव म्हणजे खुब्झ, तशेल्हितमध्ये अघ्रुम. एकाच भट्टीतून दोन नावांनी पाव बाहेर पडतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. ज्वारीची तीच भाकरी शेजारच्या घरात रोट्टी होते, हे रोज पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी का वाटावे? अर्थात, तिथेही सगळे सुरळीतच होते असे नाही. अमाझिगला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 2011 च्या राज्यघटनेत. सरकारी कचेऱ्यांच्या फलकांवर अरबीबरोबर तिफिनाघ लिपी आज दिसते, तिच्यामागे अनेक वर्षांचा आग्रह आहे. फलकावरची भाषा म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

फरानपासून थोड्याच अंतरावर हमामच्या मागच्या बाजूला एक ठेंगणे दार होते. आत अंधार, उष्ण धूर आणि राखेचे ढीग. आपल्या मराठीत हमामखाना हा शब्द आहे, पण त्याच्या पाठीमागचा विस्तव आपण पाहिलेला नसतो. पाणी तापवण्यासाठी इथे रात्रंदिवस आग असते. सरपण म्हणून लाकडे, सुतारांकडचा भुसा, ऑलिव्हचे तेल काढून उरलेला चोथा. या आगीची राख वाया जात नाही. तिच्यात तंजिया शिजते.

तंजिया हे उभट, कान असलेल्या मडक्याचे नाव आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थाचेही. मांस, लसूण, जिरे, मिठात मुरवलेले लिंबू, केशर आणि मुरवलेले खारट लोणी असे सगळे मडक्यात भरायचे, तोंडाला कागद लावून दोरीने बांधायचे आणि हमामच्या भट्टीवाल्याकडे नेऊन द्यायचे. तो ते गरम राखेत खुपसून ठेवतो. पाच-सहा तास, कधी रात्रभर. हा मराकेशचा खास पदार्थ आणि तो परंपरेने पुरुषांचा. चामड्याच्या, लाकडाच्या, विणकामाच्या बाजारातले कारागीर आपापसांत वर्गणी काढून मडके भरत, आगीपाशी सोडून कामाला जात आणि सुट्टीच्या दिवशी बागेत बसून एकत्र खात. स्वयंपाकघर नसलेल्या, दिवसभर हात गुंतलेल्या माणसांनी शोधलेली ही युक्ती आहे. गुऱ्हाळाच्या चुलाणात रताळी खुपसून ठेवणाऱ्या माणसाला ती लगेच पटेल. आग दुसऱ्याच कामासाठी पेटलेली असते, पोट तिच्या आधाराने भरते.

मी स्वतः मांसाहार करत नाही, त्यामुळे तंजियाची चव मला सांगता येणार नाही. गटातले लोक पावाच्या तुकड्याने मडक्यातला रस टिपून घेत होते आणि बराच वेळ कोणी बोलत नव्हते, एवढे मात्र पाहिले.

आता या आगीचे काय होणार, हा प्रश्न आहे. गॅसच्या शेगड्या आणि भट्ट्या घराघरांत आल्या. मदिनेतील जुने अंगणाचे वाडे, ज्यांना रियाद म्हणतात, 1990 नंतरच्या काळात मोठ्या संख्येने परदेशी लोकांनी विकत घेतले आणि त्यांची अतिथिगृहे झाली. जिथे दहा माणसांचे कुटुंब रोज पाव थापत होते तिथे आता प्रवासी उतरतात; फरानकडे पळत जाणारे पोर तिथे नाही. हमामवर वेगळे संकट आले. सलग दुष्काळ पडल्यामुळे 2024 च्या सुरुवातीला कॅसाब्लांकासह काही शहरांत आठवड्यातून तीन दिवस हमाम बंद ठेवण्याचे आदेश निघाले. पाण्याची बचत ही निकडच होती, त्याबद्दल वाद नाही. पण हमामचा विस्तव तीन दिवस थंड म्हणजे त्याच्या राखेवर चालणाऱ्या सगळ्यांचेच तीन दिवस थंड. पाण्याच्या टंचाईचा मडक्यातल्या रश्शाशी संबंध असतो, तो असा.

प्रवाशांमुळे वाडे रिकामे झाले आणि आता प्रवाशांच्याच फेऱ्यांमुळे भट्टीवाल्याच्या हाती चार पैसे पडतात. मला हे थोडे खटकले. आम्ही आठ जण वाकून आत डोकावत होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ फळीवर पाव घेऊन मागे ताटकळले होते. गाइडच्या ते ध्यानात आले आणि त्याने आम्हाला भिंतीला चिकटून उभे केले. आधी मोहल्ल्याचा पाव, मग पाहुणे. चांगला गाइड कसा ओळखावा, याची एवढी एक खूण पुरे.

चौकाकडे जाताना रस्त्याच्या कडेला बायका बसल्या होत्या. भट्टीवर पुरुष, चौकातल्या स्टॉलवर बहुतेक पुरुष. बायका दिसतात त्या इथे, तव्याशी. म्सेमेन म्हणजे तेलाच्या हाताने कागदासारखी ताणून चौकोनी घडी घातलेली पोळी. बघरिर एकाच बाजूने भाजतात, वर असंख्य छिद्रे. आपल्या आंबोळीची बहीणच, फक्त रव्याची आणि वर लोणी-मध. हर्शा ही रव्याची जाड, खुसखुशीत भाकरी. हा रवा डुरम जातीच्या गव्हाचा, म्हणजे आपल्याकडच्या बन्सीच्या कुळातला. बाजूलाच स्फेंज तळणारा होता. आंबवलेल्या चिकट पिठाची मध्ये भोक पाडलेली कडी तो मोठ्या कढईत सोडत होता. मेदूवडा म्हणावा तर पीठ गव्हाचे.

उन्हाळ्यात इथे गाड्यावर फड्या निवडुंगाची बोंडे सोलून देतात. त्यांचे तिकडचे नाव हिंदिया. फळ मूळचे अमेरिकेतले आणि नाव आपल्या देशाचे! 2014 मध्ये कोचिनील या किडीचा प्रादुर्भाव मोरोक्कोत प्रथम आढळला आणि पुढे तिने निवडुंगाच्या बागाच्या बागा संपवल्या. गरिबाचे म्हणून ओळखले जाणारे हे फळ तेव्हापासून महागले.

शेवटी चौक. 2001 मध्ये युनेस्कोने मौखिक वारशाच्या श्रेष्ठ नमुन्यांची पहिली यादी जाहीर केली, तीत केरळच्या कुटियाट्टमबरोबर या चौकाचेही नाव होते. त्यासाठी मराकेशात राहणारे स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो यांनी खटपट केली होती. 2017 मध्ये त्याच शहरात त्यांचे निधन झाले. तो गौरव होता कथेकऱ्यांच्या परंपरेचा. आज कथेकरी फार थोडे राहिले, पातेली मात्र भरपूर.

शाकाहारी माणसाने इथे काय खावे? भाजलेल्या वांग्याचे झालूक, हे आपले भरीतच. बटाट्याचे माकुदा, पण त्यात अंडे असते, विचारून घ्यावे. टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याची दाट हरिरा सगळ्यांना आवडेल, मात्र बहुतेक वेळा तीत मांस असते. ‘बला ल्हम’ म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ असावेत. तरी रस्सा कशाचा, हे वेगळे विचारावे. वाळलेल्या बाकल्याचे पिठल्यासारखे बिसारा खरे निर्धोक, पण ते मुख्यतः सकाळी आणि थंडीत मिळते. गोगलगाईंचे वाफाळते वाडगे आणि मेंढ्यांची मुंडकी मांडलेले स्टॉल आमच्या पुढ्यातच होते. गाइडने आग्रह केला नाही.

पुदिन्याचा चहा सगळीकडे आहे, पण हा रिवाजही फार जुना नाही. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात इंग्रज व्यापाऱ्यांची नेहमीची गिऱ्हाइके तुटली, तेव्हा त्यांनी चीनचा हिरवा चहा मोरोक्कोच्या बंदरांत आणून ओतला आणि तो तिथल्या पाहुणचारात मुरला. आम्ही मात्र शेवटचा पेला घेतला तो खुदेंजालचा. तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळत असलेला तिखटगोड काढा, सोबत सल्लू नावाचे भाजलेल्या पिठाचे चमचाभर गोड. पहिल्या घोटाला घशात झणझणले आणि ओळख पटली. घसा बसला की वैद्य आपल्याला चघळायला देतात तेच हे कोळिंजन. नावसुद्धा जवळपास तेच. स्टॉलवाल्याला मी आपला शब्द म्हणून दाखवला. त्याने तो दोनदा उच्चारून पाहिला आणि पेल्यात आणखी थोडे ओतले.