तळ्याचा ताळेबंद

‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण मराठी माणसे लहानपणीच शिकतो आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्याला लावत राहतो. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला तर ती हिशेबतपासणीचा पहिला नियमच वाटत असे. संध्याकाळी रोकड जुळली नाही की नजर आधी कुणाकडे वळते? ज्याच्या हातात किल्ल्या असतात त्याच्याकडे. या म्हणीच्या जोरावर मी एका माणसाची नोकरी घालवली. गोष्ट खरोखरच एका तळ्याची आहे, आणि ती सांगायची तर आधी मासे सांगायला हवेत.

आमच्या गावाबाहेर बारा एकरांचे एक जुने तळे आहे. गळाने मासे पकडण्याचा छंद असलेल्या मंडळींनी ते भाडेपट्ट्याने घेऊन क्लब काढला आहे. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन शिक्षक आहेत, एक सायकल दुकानदार आहेत. २०१८ मध्ये निवृत्त झालो आणि मीही त्यात शिरलो. ‘उतारवयात हे काय साहेबी खूळ?’ असे घरी म्हणाले. खूळ असेल, पण साहेबी नव्हे. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या आपल्या ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच घातले आहे. मासे कोणते, त्यांना खाऊ घालायचे काय, गळ टाकायचा कसा, याची त्यात चर्चा आहे. तेव्हा छंद चांगला खानदानी आहे!

बँकवाला म्हटल्यावर खजिनदारपद माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलेच होते. त्यातून ग्रामीण शाखेत असताना मी मत्स्यशेतीची कर्जेही वाटली होती. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र सोडले की तळ्याचा कुठलाच मजला रिकामा राहत नाही. हे प्रकल्प अहवालात इतक्यांदा वाचले होते, की मासे आपल्याला कळतात अशी माझी समजूत झाली होती.

या तिन्ही माशांची एक अडचण असते. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. आपल्याकडे त्याच्या पायऱ्यांना सुंदर नावे आहेत. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले ते मत्स्यजिरे, इंचभर झाले की मत्स्यबीज, आणि बोटाएवढे झाले की बोटुकली.

आमचा क्लब दर पावसाळ्यात वीस हजार मत्स्यबीज विकत घेई. त्याचा समारंभ होई. नारळ फुटे, पाहुण्यांच्या हस्ते पिशव्या तळ्यात रिकाम्या होत, फोटो निघत. सहा वर्षांची बिले मी जुळवली. एक लाख वीस हजार मासे तळ्यात गेले होते. आणि सभासदांच्या गळाला? दिवस दिवस बसून एखादा रोहू. कटला तर आठवणीतच उरला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये यावर सभा झाली. संशयित तिघे होते. एक पाणकावळे, हिवाळ्यात त्यांचे थवेच्या थवे उतरत. दुसरा मरळ. नागासारख्या डोक्याचा हा मासा गवतात दबा धरून बसतो आणि समोरून जाईल ते गिळतो. तिसरा आमचा राखणदार. तो भोई समाजातला; वडील, आजोबा नदीवर जाळी टाकत आलेले. सगळे त्याला मामा म्हणत. ‘एवढे मासे जातील कुठे? रात्री जाळे फिरत असणार,’ कुणीतरी म्हणाले आणि दुसऱ्याने ती म्हण म्हटली. सगळे हसले. पुरावा कुणी मागितला नाही. आयुष्यभर पुरावे मागत आलेल्या मीही मागितला नाही.

पक्ष्यांसाठी फटाके आणायचे ठरले. एकाने बंदुकीची भाषा केली, तेव्हा वकिलांनी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून दिली. मरळ मात्र मुळासकट संपवायची ठरली. मत्स्यशेतीत तसेच करतात. बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून शिकारी मासे आधी नाहीसे करतात. आमच्या तळ्यात पेंड घालणे शक्य नव्हते, म्हणून गळाला बेडकी लावून सभासदांनी उन्हाळाभर मरळ काढली. मामांना कामावरून कमी केल्याचे पत्र जानेवारी २०२२ मध्ये मी लिहिले. भाषा सभ्य होती. कारण लिहिलेच नव्हते. कारण न लिहिल्यामुळे गावाला ते लगेच कळले.

पुढचे वर्षभर आम्ही समाधानात होतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मात्र तळ्यावर विचित्र प्रकार सुरू झाला. गळ टाकावा आणि दोन मिनिटांत मासा लागावा! प्रत्येक वेळी तो तळहाताहूनही लहान. प्रत्येक वेळी चिलापी.

चिलापी म्हणजे टिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. आमच्या तळ्यात तो कधी आला कुणास ठाऊक. पण होता, आणि आजवर आवाक्यात होता. त्याला पूर लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्लेही तोंडातच सांभाळते. काही महिन्यांचा मासा वयात येतो आणि पुन्हा पुन्हा वितो. खाणारे कुणी नसले की संख्या वाढते, तेवढेच अन्न जास्त तोंडांत वाटले जाते, आणि सगळेच खुरटतात. रोहू-कटल्याच्या वाट्याचेही त्यांनीच संपवले होते.

तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न येथे होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने शेततळ्यांचा हाच प्रश्न वर्षानुवर्षे अभ्यासला होता. तिथे ब्लूगिल हा लहान मासा आणि त्याला खाणारा बास अशी जोडी असते. तळी उपसून, एकेक मासा तोलून त्याने १९५० मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो वाचून माझ्यातला बँकवाला जागा झाला. बहुतेक समतोल तळ्यांत भक्ष्य माशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या वजनाच्या तिप्पट ते सहापट असते. ते त्याहून फार वाढले, की लहान मासे अमाप होतात आणि त्यातला एकही मोठा होत नाही. शिकारी हा तळ्याचा खर्च आहे असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो वसुली अधिकारी होता.

आमची चूक साधी होती. मत्स्यशेतीचा नियम आम्ही क्लबच्या तळ्याला लावला. शेतकरी वर्षाच्या शेवटी सगळे मासे काढून विकतो आणि पुन्हा कोऱ्या पाटीपासून सुरुवात करतो. त्याला मरळ परवडत नाही. क्लबला मात्र मासा वर्षानुवर्षे जगायला हवा, मोठा व्हायला हवा. अशा पाण्यात चिलापी असेल तर तिच्यावर कुणीतरी हवेच.

पण मग ते एक लाख वीस हजार गेले कुठे? या प्रश्नासाठी मी मामांच्या घरी गेलो. पायरी चढताना जड गेले. त्यांनी पाणी दिले. ‘बसा साहेब,’ म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

‘मरळ बी खाती हे खरं,’ ते म्हणाले, ‘पण चिलापीची पिल्लं बी तीच खाती. तुम्ही मांजर मारलंत आन् आता उंदरं मोजताय. आन् मरळ आपल्या पिल्लांवर आई-बाप दोघं राखण करत्यात. लाल पिल्लांचा गोळा वर दिसला की त्या टायमाला गळ टाकायचा नसतो. तुमच्या लोकांनी तवाच टाकला.’

‘आणि बीज, मामा?’

ते थोडे थांबले. ‘तुमचा पाहुणा कधी टायमात आला का? पिशव्या उन्हात पडून. पाणी तापलेलं. भर दुपारी तशाच वतायच्या. निम्मं बी तिथंच उलटं व्हायचं. मी सांजच्याला काठावरनं गोळा करायचो. तुमच्या पोरांनी बघू नये म्हणून.’

म्हणजे रात्री काठाने फिरताना लोकांनी त्यांना पाहिले होते, ते यासाठी.

उरलेले बीज इंचाइंचाचे. ते पाणकावळ्याच्या, मरळीच्या, चिलापीच्याही घशात मावणारे. आमच्या वहीत बीज आल्याची नोंद होती. किती जगले याची नव्हती. कुणी किती मासे घरी नेले याचीही नव्हती. नुसत्या जमेच्या बाजूने कुठला ताळेबंद जुळतो?

त्या पावसाळ्यापासून पद्धत बदलली. आता बीज आधी शेजारच्या लहान खड्ड्यात वाढवतो आणि हाताएवढे झाल्यावर तळ्यात सोडतो. मासे संख्येने कमी, पण घशात न मावणारे. सोडायचे ते सकाळच्या गारव्यात. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगू द्यायची, मग तळ्याचे पाणी हळूहळू आत घ्यायचे. समारंभ बंद. काठाजवळ बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत. पाणकावळा बुडी मारून येतो तेव्हा लहान माशांना आसरा मिळतो. मरळ पुन्हा आणून सोडली. मोठा रोहू-कटला तोलून, नोंदवून परत पाण्यात. चिलापी मात्र परत सोडायची नाही, पिशवीत घालून घरी न्यायची. या नियमावर घरची मंडळी खूष आहेत.

पाणकावळ्यांबद्दल कुरकूर अजून असते. तेव्हा मी पवईचे उदाहरण देतो. मुंबईत उमेदवारीच्या काळात मी त्या तलावाकाठी सुट्टीचे दिवस घालवले आहेत. तलाव १८९१ मधला. गळवाल्यांची तिथली संघटना स्वातंत्र्याच्याही आधीची. आणि त्याच पाण्यात मगरी राहतात. माणूस आणि मगर दोघेही तिथल्याच माशांवर नजर ठेवून बसलेले! त्या तलावाचे हाल केले ते मगरींनी नव्हेत. सांडपाण्याने केले, त्यावर पोसलेल्या जलपर्णीने केले. त्यांना चोच नसते, जबडा नसतो, म्हणून त्यांच्यावर संशय घ्यायला आपण उशीर लावतो.

आमच्या वहीला आता दोन बाजू आहेत. चिलापी पूर्वीपेक्षा कमी आणि मोठी लागते. गेल्या वर्षी दोन किलोचा एक रोहू तोलून परत सोडला, तेव्हा डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. तळे सुधारले असे म्हणायला मात्र अजून काही पावसाळे जायला हवेत.

एक हिशेब राहिला होता. बँकेत चुकलेली नोंद खोडायची नसते. ती तशीच ठेवून खाली उलट नोंद करायची, तारीख घालून, सही करून. जून २०२३ च्या सभेत मी तेच केले. राखणदारावर घेतलेला संशय निराधार होता आणि पत्र लिहिण्यात खजिनदाराची चूक झाली, असे इतिवृत्तात लिहिले आणि सभेत वाचले. कुणी हसले नाही.

मामांना कामावर परत बोलावले, पण ते आले नाहीत. ‘राखण नको साहेब. बी सोडायला बोलवा, येतो,’ म्हणाले. दर पावसाळ्यात येतात. त्या दिवशी त्यांनी एवढेच मागितले, ‘त्या कागदाची एक नक्कल द्या. पोराला दाखवायची हाय.’

नक्कल घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि काठावर उकिडवे बसले. मरळ हवा घ्यायला पाण्यावर येते, तेव्हा ती मोजता येते. ते मोजत होते.