तेरा कशीही लिहा, मूळच

गैरसमज: पाया बदलला की मूळ संख्या संयुक्त होऊ शकते.

असे वाटण्याला कारण आहे. दशमान पद्धतीत आपण एकक, दशक, शतक मांडतो. सातच्या पायात एककानंतर सातांचे घर येते, मग एकोणपन्नासांचे. त्या पद्धतीत तेरा ही संख्या '१६' अशी लिहायची, म्हणजे एक सात आणि वर सहा. शेवटी ६ दिसला की आपण लगेच दोनाने भागायला निघतो.

वस्तुस्थिती पाहायची तर तेरा चिंचोके घ्या आणि सारख्या ओळींत मांडा. दोन-दोनच्या, तीन-तीनच्या, चार-चारच्या किंवा सहा-सहाच्या ओळी लावल्या तर एक उरतो, पाच-पाचच्या लावल्या तर तीन उरतात. तेरांची एकच सरळ ओळ तेवढी जमते. या सगळ्या मांडणीत अंक कुठे लिहावाच लागला नाही, मग पायाचा प्रश्न येतोच कुठे? द्विमान पद्धतीत तेरा ११०१ होते, तीनच्या पायात १११, आणि सगळीकडे मूळच राहते.

गोंधळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या लेखनामुळे. '२१' दशमानात ३ × ७ आहे, पाचच्या पायात मात्र ती अकरा, म्हणजे मूळ संख्या. इथे संख्या बदललेली नाही, आपण दोन वेगळ्या संख्यांकडे पाहत आहोत. नुसत्या लेखनावरून मूळ की संयुक्त ते ठरत नाही, पण याला एक सुंदर अपवाद आहे. '१२१' हे लेखन तीनपासून पुढच्या कोणत्याही पायात संयुक्तच असते, कारण पाया अधिक एक याचा तो वर्ग आहे. दशमानात ११चा वर्ग, आठच्या पायात ९चा, तीनच्या पायात ४चा.

गैरसमज: शेवटचा अंक सम असला की संख्या सम, हा नियम सगळीकडे चालतो.

विभाज्यतेच्या कसोट्या शाळेत इतक्या घोटवून घेतात की त्या संख्येच्याच वाटू लागतात. खरे तर त्या दहाच्या पायाच्या आहेत. सातच्या पायात सम-विषम ओळखायला सगळ्या अंकांची बेरीज पाहावी लागते: '१६'मधील १ आणि ६ यांची बेरीज सात, म्हणून संख्या विषम. नऊच्या कसोटीसाठी दशमानात जी बेरीज करतो, तीच आठच्या पायात सातची कसोटी होते. सहाच्या पायात तर २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्येच्या शेवटी १ किंवा ५च येतो. ही कसोटी मुलांना आवर्जून दाखवावी असे मला वाटते.

गैरसमज: पायावर अवलंबून असलेले गुणधर्म म्हणजे नुसती करमणूक.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कामाकडे अनेकांनी असेच पाहिले. डहाणूला जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे हे गणितज्ञ. त्यांची क्रिया अशी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढता क्रम वजा करा, आणि हेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येते.

हा गुणधर्म दशमान लेखनाचा आहे, हे खरे. पाचच्या पायात त्याच क्रियेत ३३२० − ०२३३ = ३०३२ येते, म्हणजे तिथली स्थिर संख्या वेगळी. पण ६१७४चे मूळ अवयव पाहा: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. हे कोणत्याही पायात बदलत नाहीत. तीच संख्या सातच्या पायात लिहिली तर २४००० होते. दशमानात दडलेले तीन सात तिथे तीन शून्ये होऊन समोर येतात. लेखनाचा असा अभ्यास करमणूक म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

गैरसमज: द्विमान पद्धतीत फक्त १ने लिहिलेल्या संख्येत एकांची संख्या मूळ असेल तर ती संख्याही मूळ.

अकरा वेळा १ लिहिले की २०४७ होते आणि ती २३ × ८९ आहे. गणितज्ञ मेर्सेन यांनी १६४४मध्ये अशा मूळ संख्यांच्या यादीत सदुसष्ट एकांची संख्याही घातली होती. १९०३मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. उलट बाजू मात्र पक्की आहे: एकांची संख्या संयुक्त असेल तर ती संख्या संयुक्तच. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या याच घराण्यातली. द्विमानात तिच्यात १३,६२,७९,८४१ वेळा फक्त १ आहे, दशमानात लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. तिला सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणणे चुकीचे. ती तोवर सापडलेल्यांत सर्वांत मोठी होती. मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडने कधीच सिद्ध केले आहे.