कोकण किनाऱ्यावरील सागरी स्थिती

समुद्रावरील वारा, लाटा, भरती-ओहोटी व प्रवाह यांच्या एकत्रित अवस्थेस सागरी स्थिती म्हणतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर ती मुख्यत्वे ऋतुमानानुसार बदलते. मात्र निरभ्र आकाशावरून समुद्र सुरक्षित असल्याचे अनुमान काढता येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री व पहाटे मतलई, तर दुपारी खारे वारे वाहतात व समुद्र बहुधा शांत असतो. मार्चपासून दुपारचे वायव्य वारे जोर धरतात. जूनमध्ये नैर्ऋत्य मॉन्सून स्थिरावताच समुद्र खवळतो. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तिच्यामागे माशांच्या प्रजननाचेही कारण आहे. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी समाज नव्या हंगामास आरंभ करतो.

मॉन्सूनच्या आगेमागे चक्री वादळांचा धोका असतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आले तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू असल्याने अनेक मच्छीमार समुद्रात सापडले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले.

वादळ जवळ नसतानाही मोठ्या लाटा येऊ शकतात. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांत उठलेल्या लांब लाटा हजारो किमी. अंतर कापून काही दिवसांनी या किनाऱ्यास पोहोचतात. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडील ‘शमाल’ वाऱ्यांमुळेही वायव्येकडून लाटा येतात. अशा वेळी स्थानिक वारा मंद असू शकतो.

किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक मोठ्या उधाणात मुंबईस सु. ५ मी., तर मालवणकडे सु. २ मी. असतो. फरक मोठा तितका खाड्यांच्या मुखाशी ओहोटीचा ओढ प्रबळ असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे एरवी शांत मानल्या जाणाऱ्या महिन्यात, रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले.

भारतीय हवामानशास्त्र विभाग वारा व वादळाचे, तर हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे पूर्वानुमान प्रसृत करते. बंदरांवर क्रमांकित बावटे लावले जातात. १ व २ हे दूरवरच्या, तर ३ व ४ हे स्थानिक वाईट हवामानाचे निदर्शक होत. समुद्रात उतरण्यापूर्वी पूर्वानुमान व त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ या दोन्ही गोष्टी पाहणे आवश्यक ठरते.