गाडीचे शॉकअप कशासाठी असतात?

सकाळी शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या व्हॅनपैकी बऱ्याच गाड्यांनी लाखभर किलोमीटर केव्हाच ओलांडले आहेत. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. "गाडी आता जरा उडते," असे चालक सांगतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून या अंकात आम्ही त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पुष्कळांची समजूत अशी, की गाडीचे वजन शॉकअप पेलतात. तसे नाही. वजन पेलतात स्प्रिंगा. ओम्नीत पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते, सुटते, पुन्हा दबते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी कितीतरी वेळ डुलत राहिली असती. ते डुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. आत तेलाची नळी, तिच्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. दट्ट्या हलला की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते आणि हिसक्याची ऊर्जा उष्णतेत जाते. आठवी-नववीच्या मुलांनी घरी बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरून पाहावे. दांडा सावकाश ढकलला तर सहज जातो. जोरात ढकलला तर चांगलाच अडतो. विज्ञानात दोलने अशी मंदावण्याला अवमंदन म्हणतात. बँकेचा दरवाजा आपोआप हळूच मिटतो, तोही याच युक्तीने.

शॉकअप एका दिवसात जात नाहीत. सील झिजते, तेल पाझरते, झडपा सैल पडतात. हे इतके हळूहळू होते, की रोज चालवणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते. नवा माणूस बसला की तो मात्र लगेच बोलतो!

पाठ दुखणे ही त्यातली लहान गोष्ट. खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर जमीन सोडते, आणि अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. पावसाळ्यात चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. थांबायला जास्त अंतर लागते, ब्रेक दाबताच गाडी नाक खाली घालते.

गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडावा. वर येऊन ती स्थिर झाली तर ठीक, दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप गेले. पण ही परीक्षा पूर्ण निकामी झालेलेच शॉकअप पकडते. त्यापेक्षा नळीवर तेलाचा ओघळ आहे का आणि टायर जागोजागी खोलगट झिजला आहे का, हे पाहणे बरे. नुसत्या खडखडीवरून मात्र शॉकअप बदलू नयेत. पुष्कळदा दोष रबरी बुशांचा निघतो.

बदलताना एका बाजूचा एकच बदलू नये, पुढची किंवा मागची जोडी बदलावी. पुढचे बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. जुन्यातच तेल भरून देणारे मेस्त्री आहेत आणि ते स्वस्तही पडते. पण दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवे सील लवकरच फाटते. मुलांच्या गाडीला हा उपाय आम्हाला पसंत नाही.

जूनमध्ये व्हॅन ठरवताना पालकांनी भाड्याबरोबर शॉकअप कधी बदलले हेही विचारावे. गॅरेजच्या बिलावर बहुधा तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.