फुकटचे सॉफ्टवेअर महागात पडते

वसतिगृहातील मुलांचे जातीचे दाखले, दवाखान्यातील सिकलसेल रुग्णांची यादी, ८०जी पावतीसाठी घेतलेले देणगीदारांचे पॅन क्रमांक, हे सारे आता केंद्रांवरील संगणकांत असते. या संगणकांची देखभाल मी पाहतो. केंद्रावर गेलो की एक प्रश्न हमखास येतो : “दादा, दुकानदार विंडोज फुकट टाकून देतो, मग विकत कशाला? तेवढ्यात मुलांच्या वह्या येतील.” प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

परवान्याचे कुलूप तोडण्यासाठी ‘क्रॅक’ नावाचा छोटा प्रोग्राम चालवतात. त्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना बहुधा असते. म्हणजे अनोळखी माणसाला आत घ्यायचे म्हणून आपणच राखणदाराला रजा द्यायची! ‘स्टॉप’ नावाचा खंडणीखोर व्हायरस मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरला. तो फायली कुलूपबंद करून पैसे मागतो. इतर काही गुपचूप पासवर्ड चोरतात.

दुसरा धोका अपडेटचा. चोरीच्या प्रतीत अपडेट अनेकदा बंद ठेवलेले असतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरस ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ते न घेतलेले संगणक सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या.

तिसरा कायद्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. पण संस्थेचे नाव जायचे ते जातेच.

दंड भरता येतो. पण सिकलसेलची यादी बाहेर फुटली आणि त्यामुळे एखाद्या मुलीचे लग्न मोडले, तर ते कशाने भरून काढणार? लोकांनी ही माहिती विश्वासाने आपल्या हाती दिली आहे.

उपाय परवडणारे आहेत. पत्रे आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस मोफत आहे. जुन्या संगणकावर लिनक्स चालते. युनिकोड मराठी टंकलेखनाला पैसे पडत नाहीत. अनेक कंपन्या नोंदणीकृत संस्थांना सवलतीत परवाने देतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र विकतच घ्यावे आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरावा. दर आठवड्याला नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी.

केंद्रप्रमुखांनी आपल्या प्रत्येक संगणकावर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे बिल आहे का, याची यादी कार्यालयाकडे पाठवावी. बिल नसेल तर तसे लिहा. बदलण्याचे काम आपण मिळून करू.